रेंजवर पिस्तूल अडलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिस्तूल अडलं की फायरिंग लाइनवर दोन प्रकारची माणसं दिसतात. एक पिस्तूल नाकासमोर धरून आत डोकावतो. दुसरा ते हातात तसंच ठेवून गर्रकन मागे वळतो आणि म्हणतो, "सर, हे बघा ना काय झालंय." अडलेलं पिस्तूल आपण होऊन सहसा कुणाला इजा करत नाही, ही दोन माणसं मात्र करू शकतात. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत आधी बोट कुठे आणि नळी कुठे ते येतं, दुरुस्ती मागाहून.

तुमच्या रेंजचा नियम इथल्यापेक्षा वेगळा असेल तर रेंजचाच पाळा. आणि तुम्ही अगदी नवे असाल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाचा, बाकीचं रेंज ऑफिसरवर सोडा.

चाप ओढला आणि गोळी सुटलीच नाही. पहिलं काय करायचं?

काहीच नाही. बोट चापावरून काढून फ्रेमच्या (पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्याच्या) बाजूला सरळ ठेवा, नळी टार्गेटकडेच राहू द्या आणि ३० सेकंद थांबा. या वेळात मोकळा हात वर केलात तर रेंज ऑफिसरला कळतं की काहीतरी बिनसलंय.

थांबायचं कारण असं की काडतूस कधीकधी उशिरा पेटतं. फायरिंग पिनचा ठोका प्राइमरवर (काडतुसाच्या बुडातल्या, बारूद पेटवणाऱ्या टिकलीवर) पडतो, प्राइमर धड पेटत नाही, आतली बारूद धुमसत राहते आणि मग धाडकन गोळी सुटते. याला हँगफायर म्हणतात. आजच्या कारखान्यातल्या काडतुसांत तो क्वचितच होतो, आणि झालाच तर बहुधा सेकंदाच्या आतच. पण तेवढ्या वेळात नळी शेजाऱ्याकडे वळलेली असली तर "क्वचितच" या शब्दाचा काही उपयोग नाही. घाबरलेला माणूस तीस आकडे दहा सेकंदांत मोजून मोकळा होतो, म्हणून शक्य असेल तर भिंतीवरचं घड्याळ बघा.

थांबलो. आता नेमकं काय बिघडलंय ते कसं ओळखू?

कानावर विसंबा. गोळी न सुटण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचा आवाज वेगळा.

पहिला, स्वच्छ "टक". घोडा किंवा स्ट्रायकर (घोड्याऐवजी आतून ठोका देणारा भाग) पडला, पण धमाका झाला नाही. एक तर काडतूस फुसकं निघालं, किंवा चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) काडतूसच नव्हतं. नवख्यांच्या बाबतीत दुसरं कारण जास्त आढळतं: मॅगझिन (काडतुसं भरायची डबी) शेवटपर्यंत बसलेलं नसतं, त्यामुळे स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) काडतुसावरून नुसतीच पुढे सरकते.

दुसरा, मेलेला चाप. ओढला तर लुळा, नाहीतर जागचा हलतच नाही, आणि "टक" असं काही ऐकूच येत नाही. इथे सेफ्टी लागलेली असते, स्लाइड पूर्ण पुढे आलेली नसते, किंवा मागच्या गोळीनंतर तुम्ही चाप पुरता सोडलेलाच नसतो. प्राइमरवर ठोका पडलेलाच नाही, त्यामुळे हँगफायरचा प्रश्न येत नाही. तरी बोट बाहेरच. आणि स्लाइड मागे अडकून उभी असेल, मॅगझिन रिकामं असेल, तर बिघाड वगैरे काही नाही. गोळ्या संपल्यात. हे सगळ्यांचं एकदा तरी होतं, लाजू नका.

तिसरा, "फुस्स". हा सर्वांत वाईट. त्याचं उत्तर वेगळं आणि लांब आहे.

"फुस्स" झालं, धक्काही जाणवला नाही. पुढची गोळी मारून बघू का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर ते हे.

काडतुसात बारूद पडलीच नसेल, अपुरी असेल किंवा ओल धरलेली असेल, तर नुसत्या प्राइमरच्या जोरावर गोळी पुंगळीतून (काडतुसाच्या पितळी कवचातून) सुटून नळीत शिरते आणि तिथेच रुतते. याला स्क्विब म्हणतात. प्राइमरमध्ये एवढीशीच ताकद असते, पण गोळी नळीत ढकलायला ती पुरते, बाहेर काढायला नाही. आता मागून दुसरी गोळी पूर्ण वेगाने आली तर? ९ मिमी ल्युगर काडतुसासाठी अमेरिकेतल्या शस्त्र-काडतूस उत्पादकांच्या सॅमी या संस्थेच्या मानकाने घातलेली दाबाची मर्यादा चौरस इंचाला ३५,००० पौंड आहे. गाडीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पौंड असतात. हा दाब नळी सहन करते कारण गोळी पुढे पळत असते. ती वाट बंद झाली की नळीला कडं काढल्यासारखा फुगवटा येतो, किंवा नळी फाटते.

खुणा ओळखून ठेवा: आवाज दबका, धक्का नेहमीपेक्षा फार कमी, टार्गेटवर नवं भोक नाही, पुंगळी निघायच्या खिडकीतून रेंगाळणारा धूर, कधी न जळलेल्या बारुदीचे कण. बऱ्याचदा स्लाइड मागे जातच नाही, आणि हे आपलं नशीब, कारण पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये येत नाही. घात होतो तो नेमका इथे: शूटरला वाटतं स्लाइड अडकली, तो सवयीने मॅगझिनवर थाप मारतो, स्लाइड खेचतो, नवं काडतूस भरतो आणि चाप ओढतो. सरावाने पक्की झालेली चांगली सवय चुकीच्या वेळी उठली की अशी अंगाशी येते. भराभर गोळ्या मारताना तर दोन आवाजांमधला फरक कानाला कळायच्या आत बोट हललेलं असतं.

तेव्हा थांबा, ३० सेकंद जाऊ द्या, मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबर रिकामं असल्याची खात्री करा आणि रेंज ऑफिसरला बोलवा. नळीची तपासणी पिस्तूल खोलून, नळी बाहेर काढून, उजेडासमोर धरून होते. जोडलेल्या पिस्तुलाच्या तोंडातून आत बघून कधीही नाही. रुतलेली गोळी पितळी किंवा लाकडी दांड्याने ठोकून काढतात. ते काम आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं. दुसरी गोळी मारून पहिली काढतो म्हणणारा कुणी शेजारी भेटला, तर त्याच्यापासून दोन लेन लांब उभे राहा.

व्हिडिओत लोक "टक" झाल्याबरोबर मॅगझिनवर थाप मारून स्लाइड खेचतात. मग ३० सेकंद कशाला?

त्यांचा सराव वेगळ्या प्रसंगासाठी असतो. ज्याच्या जिवावर बेतलंय तो तीस सेकंद थांबत नाही. हँगफायरची शक्यता त्याच्यासमोरच्या धोक्यापेक्षा लहान असते. तुमच्या समोर कागद आहे. कागद थांबतो.

तरीही ही कृती शिकायला हरकत नाही, फक्त प्रशिक्षकाने सांगितलं तिथे आणि सांगितलं तेव्हाच. आयपीएससी (गतिमान नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) पद्धतीच्या स्पर्धांत शूटरने बिघाड स्वतःच दूर करायचा असतो आणि त्याला जास्तीत जास्त दोन मिनिटं मिळतात. तिथेही नळी सुरक्षित दिशेला आणि बोटं चापाच्या कडीबाहेर स्पष्ट दिसली पाहिजेत.

एक खबरदारी दोन्हीकडे लागू: स्लाइड खेचताना खिडकीवर तळहात ठेवून काडतूस झेलायला जाऊ नका. बाहेर पडणाऱ्या काडतुसाचा प्राइमर इजेक्टरवर (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागावर) नेमका आपटला तर ते तिथल्या तिथे फुटू शकतं. चेंबरचा आधार नसल्यामुळे पुंगळी फाटते आणि पितळेच्या चिंध्या तळहातात घुसतात. काडतूस जमिनीवर पडू द्या, मागाहून उचला. चष्मा रेंजवर का सक्तीचा असतो त्याचं हेही एक कारण.

स्लाइड खेचताना रेंज ऑफिसर माझ्यावर ओरडले. मी तर चापाला हातही लावला नव्हता.

ओरडले ते नळीसाठी. उजव्या हातात पिस्तूल धरून डाव्या हाताने स्लाइड खेचून पाहा (अर्थात रिकामं, आणि रेंजवरच). जोर लागावा म्हणून पिस्तूल आपसूक छातीजवळ येतं आणि आडवं होतं, म्हणजे नळी डावीकडच्या शेजाऱ्याकडे. स्लाइड अडली असेल तर आणखी जोर, आणखी आडवं. रेंजवर नळी चुकीच्या दिशेला जाण्याचे जेवढे प्रसंग मी पाहिलेत, त्यातले बरेचसे असे बिघाड सोडवतानाचे आहेत.

उपाय साधा आहे. पिस्तूल वळवू नका, स्वतः वळा. उजव्या हाताचे असाल तर अंग उजवीकडे फिरवा. पिस्तूल अंगासमोर आडवं राहतं, पण नळी टार्गेटकडेच असते. डावखुऱ्यांनी डावीकडे. स्लाइड चिमटीत धरण्यापेक्षा वरून मुठीत पकडा, खिडकी मोकळी ठेवून, आणि डाव्या हाताने खेचतानाच उजव्याने पिस्तूल पुढे ढकला. मनगटात ताकद नाही म्हणणाऱ्या कित्येकांना एवढ्याने जमतं.

रिकामी पुंगळी खिडकीत धुराड्यासारखी उभी अडकते. पिस्तूल खराब आहे का?

कदाचित पकड खराब आहे. स्लाइड मागे जाते ती फ्रेमच्या तुलनेत. मनगट ढिलं असेल तर फ्रेमही तिच्यासोबत मागे जाते, स्लाइडची झेप अपुरी पडते आणि पुंगळी बाहेर पडण्याआधीच ती परत येऊन तिला चिमटते. हलक्या, पॉलिमर फ्रेमच्या पिस्तुलांत हे जास्त जाणवतं.

छडा लावायची सोपी रीत आहे: तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, त्याच पेटीतली काडतुसं एखाद्या अनुभवी माणसाला द्या. त्याच्या हातात दहा गोळ्या सुरळीत गेल्या, तर तुमचं मनगट तपासा. त्याच्याही हातात अडलं, तर काडतूस कमजोर असेल, पुंगळी चेंबरमधून ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली काजळी साचली असेल, किंवा कुणी हौसेने जादा कडक रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी) घातली असेल. पैसे खर्च करण्याआधी ही दहा गोळ्यांची चाचणी कराच. मी स्वतः ती न करता एक्स्ट्रॅक्टर बदलून घेतला होता. चूक शेवटी माझ्या मनगटात निघाली.

अडकलेली पुंगळी काढताना ती बोटांनी उपटू नका, कडा धारदार असतात. मॅगझिन काढा, स्लाइड जोरात मागे खेचा, ती आपोआप पडते.

शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबत नाही. कधी उलट होतं, गोळ्या असताना थांबते.

दोन्हीचं पहिलं संशयित तुमचा अंगठा. पुढे ताणून धरलेला अंगठा स्लाइड स्टॉपवर (स्लाइड मागे अडकवणाऱ्या कळीवर) टेकला तर स्टॉप वर येत नाही. खालून टेकला तर वेळेआधी वर जातो. अंगठे निर्दोष निघाले तर मॅगझिनची स्प्रिंग बघा.

एक काडतूस चेंबरमध्ये, दुसरं त्याच्या ढुंगणाला टेकलेलं. स्लाइड ना पुढे ना मागे.

डबल फीड. बहुतेक वेळा पहिली पुंगळी चेंबरमधून निघालेलीच नसते आणि तिच्यामागे नवं काडतूस येऊन धडकतं. नुसतं खेचाखेच करून हे सुटत नाही, उलट आणखी घट्ट बसतं.

बोट बाहेर, नळी टार्गेटकडे. स्लाइड मागे अडकवून घ्या म्हणजे मॅगझिनवरचा दाब सुटतो. मग मॅगझिन काढा. सहजी निघणार नाही, ओढावं लागतं. ते निघालं की स्लाइड दोन-तीनदा पूर्ण मागे खेचून सोडा, आतलं सगळं बाहेर पडतं. पुन्हा स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. मगच मॅगझिन परत लावा. यातल्या कुठल्याही पायरीवर पिस्तूल ऐकेनासं झालं तर ते नळी टार्गेटकडे ठेवून हातातच धरा आणि मदत मागा. स्क्रूड्रायव्हरने काडतूस उचकटणारे लोक असतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक प्राइमरपासून किती लांब आहे, हे त्यांना विचारलं की ते थबकतात.

स्लाइड दोन-तीन मिलिमीटर मागेच राहते. पाठीमागून थाप मारून बसवू का?

का राहिली ते कळल्याशिवाय नको. काडतुसाची पुंगळी फुगलेली किंवा गोळी नीट न बसलेली असेल, तर ठोकून तुम्ही ते चेंबरमध्ये पाचरीसारखं पक्कं कराल. बहुतेक पिस्तुलांत डिस्कनेक्टर असतो आणि स्लाइड पुरती बंद नसताना तो चाप चालू देत नाही. म्हणजे यंत्र आपणहून "थांब" म्हणतंय. मॅगझिन काढा, ते काडतूस बाहेर काढा, बघा. काडतूस ठीक दिसलं तर चेंबरमधली काजळी, थकलेली रिकॉइल स्प्रिंग, नाहीतर तुमची सवय: काहीजण स्लाइड हळूच हाताने पुढे सोडतात. पूर्ण मागे खेचा आणि हात काढून घ्या, स्प्रिंगला तिचं काम करू द्या.

न फुटलेलं काडतूस बाहेर काढलं. त्यावरून काही कळतं का?

खूप काही. बूड बघा. प्राइमरवर खोल, मधोमध खड्डा असेल तर पिस्तुलाने आपलं काम केलं, काडतूसच फुसकं. उथळ खड्डा असेल तर ठोक्यात जोर नव्हता: स्प्रिंग थकलीय, किंवा फायरिंग पिनच्या मार्गात तेल आणि काजळीचा चिखल झालाय. खड्डाच नसेल तर पिन तुटली असू शकते. शूटिंग बंद, आर्मरर.

पॉइंट टू-टूचं (०.२२ इंची काडतुसांचं) गणित निराळं. त्यात मधोमध प्राइमर नसतो, पेटणारं द्रव्य बुडाच्या काठात पसरलेलं असतं. ते सगळीकडे सारखं पसरलं नसेल तर नेमक्या रिकाम्या जागी ठोका बसतो आणि काडतूस पेटत नाही. म्हणून या काडतुसांत फुसकी जास्त निघतात. एका पेटीत एखादं निघालं तर पिस्तुलावर संशय घेऊ नका. एकाच पेटीत वारंवार निघायला लागली तर ती पेटी बाजूला ठेवा.

फुसकं काडतूस खिशात किंवा साध्या कचऱ्यात टाकायचं नाही. रेंजवर त्यासाठी वेगळा डबा असतो. नसेल तर रेंज ऑफिसरच्या हातात द्या.

सगळं तपासलं, तरी मधूनच अडतं. सुरुवात कुठून करू?

मॅगझिनपासून. वेष्टन उघडल्या दिवसापासून ते आपटत असतं: सिमेंटवर पडतं, त्याचे वरचे ओठ वाकतात, तळाशी माती जाते. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने आकडा टाका आणि अडलं की आकडा लिहून ठेवा. पाच वेळा अडलं आणि चार वेळा ३ नंबरचं मॅगझिन होतं, तर गुन्हेगार सापडला. ही नोंदवही महागड्या सुट्या भागांपेक्षा जास्त बिघाड शोधते.

त्यानंतर काडतुसांचा ब्रँड बदलून बघा, मग सफाई, मग स्प्रिंगा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

तेल किती घालायचं?

तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी. स्लाइडच्या रुळांवर आणि नळी घासते तिथे थेंब-थेंब, पुसून. फायरिंग पिनच्या मार्गात नाही, चेंबरमध्ये नाही, काडतुसांवर तर अजिबात नाही.

रिव्हॉल्व्हर अडत नाही म्हणतात. खरं का?

कमी वेळा अडतं. अडलं की मात्र रेंजवर सुटायला कठीण. प्राइमर बुडाबाहेर किंचित उचललेला असेल तर सिलिंडर फिरताना घासतो. इजेक्टर रॉडचे (पुंगळ्या बाहेर ढकलायच्या दांड्याचे) आटे सैल झाले तर सिलिंडर उघडत नाही. न जळलेल्या बारुदीचे कण एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली गेले तर तो बंद होत नाही. म्हणून रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे करून एका दमात ढकलतात, म्हणजे कचरा खाली पडतो.

"टक" झाल्यावरचा मोह इथे जास्त असतो, कारण चाप पुन्हा ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. पण उशिरा पेटणारं काडतूस तेव्हा नळीसमोरून बाजूला सरकलेलं असतं आणि ते फुटलं तर गोळीला जायला वाटच नसते. ३० सेकंद सिलिंडर जागच्या जागी, बंद. बोटंही सिलिंडरच्या पुढच्या फटीजवळ नेऊ नका, तिथून तापलेला वायू बाहेर पडतो.

एकदा चाप ओढला, दोन गोळ्या सुटल्या.

त्या दिवसाचं शूटिंग संपलं. "पुन्हा होतंय का बघू" नाही. पिस्तूल रिकामं करून आर्मररकडे. सिअर (घोडा किंवा स्ट्रायकर अडवून धरणारा भाग) झिजलेला असू शकतो, किंवा कुणीतरी चाप हलका करण्याच्या नादात कानस चालवलेली असते.

स्पर्धेत बिघाड झाला तर?

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) २५ मीटर प्रकारांत पिस्तूल टार्गेटकडे धरून ठेवा, पकड सोडू नका, मोकळा हात वर करा. रॅपिड फायरमध्ये शेवटच्या मालिकेत पाच टार्गेटांसाठी चार सेकंद असतात, तिथे स्वतः काही सोडवायला वेळच नसतो. पंच बघायच्या आत पिस्तूल उघडलंत किंवा छेडलंत तर बिघाड ग्राह्य धरला जात नाही. सेफ्टी काढायची राहिली, काडतुसं भरायचीच राहिली, चाप मागच्या गोळीनंतर पुरता सोडला नाही, या सगळ्या तुमच्या चुका मानल्या जातात. पुंगळी अडकणं, पिन तुटणं, काडतूस न फुटणं हे ग्राह्य. हा भेद ज्यांना तोंडपाठ असतो ते ऐन वेळी हात वर करतात. बाकीचे आधी स्लाइड खेचतात आणि मग वाद घालतात.

हे सगळं खरा बिघाड होईपर्यंत वाट न पाहता शिकता येईल का?

नकली काडतुसं आणा, ज्यांना स्नॅप कॅप म्हणतात. रेंजवर, प्रशिक्षकाच्या परवानगीने, मित्राला तुमचं मॅगझिन भरायला सांगा आणि त्यात एक-दोन नकली मिसळायला सांगा. कुठे आहेत ते त्याने सांगायचं नाही. "टक" झालं की बोट बाहेर, नळी समोर, मोजणी सुरू. आणखी एक गंमत दिसेल: धमाका न होताही पिस्तुलाचं तोंड खाली झुकतं. म्हणजे धक्क्याच्या भीतीने तुम्ही तो यायच्या आधीच हात दाबत होतात. कित्येक महिने टार्गेटच्या खालच्या बाजूला गोळ्या का पडतायत, याचं उत्तर बहुतेकांना इथेच सापडतं.